भुवया झाकणारा गॉगल

इपीलीला त्याच्या आईने हाताला धरून दुकानात नेलं, तेव्हा इपीली एकसष्ट वर्षांचा होता आणि आई बेचाळीसची.

गावात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ही आई, आर्नाक, तशी त्याच्या बहिणीची मुलगी. पण इपीलीची आई देवाघरी गेली आणि त्याच हिवाळ्यात ही जन्मली, आजीचं नाव तिला ठेवलं, आणि नावाबरोबर नातंही तिच्याकडे आलं. ती दूधपिती होती तेव्हापासून इपीली तिला आई म्हणत आला होता, आणि तोंडातून शब्द फुटायला लागल्यापासून ती त्याला रागावत आली होती.

"बाळा, यंदा धड चष्मा घेतल्याशिवाय तळ्यावर पाऊल टाकायचं नाही."

"आई, आहे ना माझ्याकडे."

"तोच ना, मागच्या वर्षीचा? ज्याच्या कडेकडेने सगळं ऊन आत शिरलं?"

दरवर्षी मे महिन्यात सारं गाव गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या मुक्कामाला जायचं. तेव्हा सूर्य मावळायचं नाव घेत नाही, आणि वरून पडतं त्याहून जास्त ऊन बर्फावरून उसळून डोळ्यांत येतं. गेल्या वर्षी त्या बारीक चष्म्यापायी त्याचे डोळे असे काही पोळले, की चार दिवस तो तंबूत डोळ्यांवर चहाचा चोथा ठेवून पडला होता. त्याच चार दिवसांत उलायू रोज त्याला चहा घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी त्याने सगळा धीर गोळा करून म्हटलं, "तू जवळ असलीस की मला फार बरं वाटतं." उलायू केव्हाच निघून गेली होती. ते कुत्र्याने ऐकलं.

उलायू विधवा होती, तीन वर्षं भावाकडे राहत होती. आता दुसऱ्या गावात राहणाऱ्या तिच्या मुलीने तिच्यासाठी खोली तयार ठेवली होती, आणि गुरुवारच्या विमानात जागाही. पण उलायूने आर्नाकला सांगून ठेवलं होतं, "जाण्याआधी तळ्यावर इपीलीला एक गोष्ट विचारणार आहे." ती गोष्ट कोणती हे सगळ्या गावाला माहीत होतं. इपीलीचं उत्तर वर्षभर तयार होतं. आता फक्त डोळे शाबूत ठेवायचे होते.

दुकानदार जोसेपीने एकेक चष्मा काढून दाखवला.

"हा बघ, धातूच्या काड्यांचा."

"नको. थंडीत नाकाला चिकटतो. काढला की नाकही बरोबर येतं," इपीली म्हणाला.

"मग हा पिवळा?"

"तो ढगाळ दिवशी बरा," आर्नाक म्हणाली. मग तिने खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. कॅरिबू हरणाच्या शिंगाची वळणदार पट्टी, आणि तिच्यात सुरीच्या धारेइतक्या बारीक दोन फटी. "हा घाल. तुझ्या वडिलांचा आहे." आणि हळूच डोळे पुसत म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा."

जोसेपीने आदराने टोपी काढली. आर्नाकचा खरा नवरा बाहेर बर्फगाडीत तेल भरत होता, पण त्याचीही याला हरकत नव्हती.

"आई, तो घालून मी म्हातारा दिसेन गं."

"तू म्हाताराच आहेस, बाळा."

पण इपीलीची नजर वरच्या फळीवर गेली होती. तिथे एक भला थोरला गॉगल होता. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचणारा, चकचकीत आरशासारखा. घालून पाहिला, तर डब्यावर झाकण बसावं तसा घट्ट बसला. उन्हाचा एक कण आत येईना.

"हाच!"

"पिशवी हवी का?" पैसे घेऊन चहा-साखरेचे पुडे पुढे सरकवत जोसेपीने विचारलं.

इपीलीने भुवया वर केल्या. त्यांच्याकडे हो म्हणायचं ते असंच, आणि नाही म्हणायचं तर नाक मुरडायचं. उगाच तोंड उघडून गार हवा आत कोण घेणार? पण जोसेपी वाट बघतच राहिला. "पिशवी?" इपीलीने भुवया आणखी ताणल्या. तिसऱ्यांदा विचारून जोसेपी कंटाळला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुकानदारांना आजकाल माणुसकी उरली नाही असं मनाशी म्हणत इपीली सगळं सामान छातीशी कवटाळून बाहेर पडला. गॉगल त्याने काही काढला नाही.

निघताना आर्नाकने विचारलं, "बाळा, खाण्याची पेटी घसरगाडीवर बांधलीस?"

बांधली नव्हती. इपीलीने प्रामाणिकपणे नाक मुरडलं. आर्नाकने त्याच्याकडे पाहिलं, गॉगलच्या आरशात स्वतःचे केस सारखे केले, "शाबास" म्हणाली आणि गाडी सुरू केली.

तळ्यावर तंबू लागले, देवाचं नाव घेऊन सगळे जेवायला बसले, आणि जेवण मात्र नव्हतं. आर्नाकने त्याला मनसोक्त झापलं. आपण तर स्पष्ट सांगितलं होतं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण आईला उलट बोलू नये म्हणून त्याने गिळलं. उलायूच्या भावाच्या तंबूत "आणखी चहा?" असं कुणी विचारलं, तेव्हा त्याने गॉगल न काढताच आनंदाने भुवया उंचावल्या. किटली पुढे निघून गेली. दोन दिवस हेच. जग आपल्यावर का रुसलंय ते त्याला कळेना.

तिसऱ्या दिवशी तो बर्फातल्या भोकात गळ सोडून बसला होता. उलायू आली, शेजारी बसली. भोकावर साचलेला बर्फाचा पापुद्रा तिने बोटाने फोडला.

"गुरुवारी विमान आहे," ती म्हणाली.

"हं."

"इपीली, एकच विचारते. मी इथेच राहू का? तुझ्या घरी?"

इपीलीच्या भुवया अशा झेपावल्या, की इतकं जोरदार हो त्या गावात आजवर कुणी म्हटलं नसेल. उलायूने मान वर करून पाहिलं. तिला गॉगलमध्ये दुसरी एक उलायू दिसली, वाट बघणारी.

"राहू का?" तिने पुन्हा विचारलं.

इपीलीने भुवया खाली येऊच दिल्या नाहीत. कपाळ दुखायला लागलं तरी नाही.

"बरं," उलायू हलकेच म्हणाली, आणि उठून गेली.

ठरलं! इपीलीने गळ तसाच टाकला आणि तंबूकडे धावला. "आई! झालं! मी हो म्हटलं!"

आर्नाक त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, ती रडत सामान बांधतेय! कोणत्या तोंडाने हो म्हटलंस?"

"तोंडाने कशाला? सगळे म्हणतात तसं!"

आर्नाकने त्याच्या डोक्यावरून गॉगल ओढून काढला आणि स्वतः घातला. "सांग, मी काय म्हणतेय?"

इपीलीने पाहिलं. आरशात एक गोंधळलेला म्हातारा होता.

"कळत नाही."

"गाढव म्हणतेय तुला!"

पिशवी, पेटी, चहा, सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं. "देवा रे," म्हणत तो तसाच गाडीकडे पळाला.

"उघड्या डोळ्यांनी जातोस? पुन्हा चार दिवस कुत्र्याशी बोलायचंय का?" आर्नाकने गॉगल त्याच्या गळ्यात अडकवला आणि डोळ्यांवर शिंगाची पट्टी बांधली. ती बरोबर डोळ्यांपुरतीच होती. वर भुवया मोकळ्या, खाली नाक मोकळं.

तोवर उलायूच्या भावाची गाडी गावाच्या वाटेला बरीच पुढे गेली होती. मागे बांधलेल्या घसरगाडीवर, सामानाच्या ढिगावर, उलायू मागे तोंड करून बसली होती. इपीलीने आपली गाडी पिटाळत तिच्या मागे आणली. दोन इंजिनांच्या त्या कोलाहलात हाक मारूनही ऐकू गेली नसती. त्याने भुवया वर केल्या.

उलायूने पाहिलं. आणि नाक मुरडलं.

 पण इपीलीने भुवया खाली घेतल्या नाहीत. गाडी उसळे, दात आपटत, तरी भुवया वरच. अख्खं तळं संपत आलं, तेव्हा उलायूने हातमोजा काढून भावाच्या डोक्यात नेम धरून मारला. गाड्या थांबल्या.

"दोन दिवस तोंडाला काय झालं होतं?"

"बोलत होतो गं. आतल्या आत."

"मी दोनदा विचारलं. आता तू विचार."

इपीली गाडीवरून उतरून तिच्यासमोर आला. "उलायू, राहशील?"

उलायूने त्याच्या गळ्यातला गॉगल काढून घेतला, शांतपणे स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि हाताची घडी घालून बसली.

इपीली बघत राहिला. आरशात पट्टी बांधलेला, भुवया टांगलेला एक म्हातारा दिसत होता. खरंच फार म्हातारा.

"उलायू?"

उलायूचा चेहरा लहानसा होता आणि गॉगल तिला फार ढगळ झाला होता. तो नाकावर बोटभर वर सरकला. खाली आला. पुन्हा वर सरकला, आणि वरच राहिला.

"मग सामान सोडू का?" भावाने डोकं चोळत विचारलं.

दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. भावाने एकदा इपीलीच्या कपाळाकडे पाहिलं आणि दोरीच्या गाठी सोडायला लागला.