एक्स्चेंजचे कान

चौतीस वर्षं मी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल लावायचे. पलीकडे विजापूरचा व्यापारी असो की नागपूरचा वकील, नुसत्या श्वासावरून सांगायचे, हा आता चिडणार. त्यामुळे माझ्या कानांबद्दल कुणी काही बोललेलं मला खपत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी काय घोळ घातला ते तुम्हाला समजेल.

आमचे हे गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, माझा मुलगा सारंग मला कोलकात्याला घेऊन आला. न्यू टाउनमध्ये अकराव्या मजल्यावर घर. सारंग बँकेत, सून नेहा शाळेत शिकवते. नेहा मराठीच, पण तीन पिढ्या इथे काढलेल्या घरातली. माझ्याशी मराठीत बोलते, लेकीशी बांगलात. लेक म्हणजे केतकी, अकरा वर्षांची. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक.

सारंगचा आवाज ह्यांच्यासारखा खणखणीत, आणि नेहाला चाळीस पोरांच्या वर्गाची सवय. त्या दोघांचं मला सगळं कळायचं. केतकीचं मात्र एक अक्षरही कळत नसे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, की मी मनात म्हणायचे, झालं, सुरू झालं हिचं बांगला! पहिले काही महिने "मराठीत बोल गं बाई" म्हणून पाहिलं. ती डोळे मोठे करून बघायची आणि परत तसंच पुटपुटायची. मग मीही नाद सोडला. मान हलवायची, "हं हं" म्हणायचं आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. सारंगजवळ बोलले नाही. नातीची चुगली कोण करणार?

त्या घराशी माझं एकूणच जमलं नाही. दाराची बेल धड वाजायची नाही. कुकर शिट्ट्या द्यायचा नाही. दोनदा डाळ करपली, तेव्हा मी नेहाला नवीन गॅस्केट आणायला लावलं, तरी मेला मुकाच. सारंग एकदा हळूच म्हणाला, "आई, कान दाखवून येऊ या का?" मी अशी उसळले, की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. एक्स्चेंजच्या बाईला कान दाखवायला सांगतो!

सकाळी साडेनऊला तिघं बाहेर पडली, की मी एकटी. गॅलरीत उभं राहायचं. इतक्या वरून माणसं दिसतात, पण हाक मारण्यासारखं कुणी नसतं. संध्याकाळी घर भरायचं, तिघं जेवताना हसायची, आणि मी ताटातल्या भाताकडे बघत बसायचे. खोटं कशाला बोलू, मला फार एकटं वाटायचं. रडायचेसुद्धा, न्हाणीघरात नळ सोडून.

शेवटी दिवाळीनंतर सांगून टाकलं, मी सांगलीला परत जाते. एकटंच राहायचं तर निदान आपल्या घरात राहीन. सारंगने महिनाभर विनवण्या केल्या, मग हावड्याहून बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलं. त्या महिनाभरात मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. केतकीने एकदा म्हणावं, आजी, जाऊ नकोस. एकदाच. तिकीट तिथल्या तिथे रद्द करायला लावलं असतं. पण ती आपली माझ्यासमोर येऊन पुटपुटायची, थोडा वेळ थांबायची आणि खोलीत निघून जायची.

जायच्या आधीच्या रविवारी सारंग आम्हा दोघींना बायपासजवळच्या विज्ञान केंद्रात घेऊन गेला. फर्माईश केतकीची. तिकडे कुठे "हात लावू नका" अशी पाटी नाही. उलट, लावा म्हणतात. आत शिरता शिरताच सारंगला बँकेचा फोन आला, तो बाहेर थांबला. उरलो आम्ही दोघी. आपण सायकल मारली, की काचेपलीकडचा हाडांचा सांगाडाही सायकल मारतो, ते पाहिलं. गोल फिरणाऱ्या पाण्याचं काहीतरी पाहिलं. सगळीकडे पोरांचा नुसता धुडगूस, आणि आम्ही दोघी मुक्यानेच फिरत होतो.

आवाजाच्या दालनात एका टेबलावर हेडफोन दिसला. मला भरूनच आलं. हे माझं राज्य! बटण फिरवत न्यायचं, आतला सूर चढत चढत बारीक होतो, आणि ऐकू यायचं थांबलं, की लाल बटण दाबायचं. आधी केतकी बसली. तिने बटण बरंच पुढे नेलं, शेवटी कानात काही टोचल्यासारखं तोंड केलं आणि लाल बटण दाबलं. मग मी बसले, ड्यूटीवर बसायचे तशी, पाठ ताठ करून. जाडसा सूर ऐकू आला. थोडा चढला. मग गेला. मला वाटलं, येईल परत. मी बटण फिरवतच राहिले, समोरचे आकडे पळत राहिले, कानात काही नाही. केतकीने माझा हात धरला आणि लाल बटणावर नेऊन ठेवला.

शेजारच्या पाटीवर वयाप्रमाणे आकडे दिले होते. माझा सूर गेला, तेव्हाचा आकडा अगदी म्हाताऱ्यांच्या ओळीच्याही खालचा होता.

"बिघडलंय हे," मी म्हणाले.

केतकीने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, ऐकलं आणि गुपचूप जागेवर ठेवला. तिचा चेहराच सांगत होता, काही बिघडलेलं नाही.

मी तरातरा चालत सुटले. दालनाच्या टोकाला एक भलीमोठी परात भिंतीला उभी केलेली होती, लग्नाच्या स्वयंपाकात असते तिच्या चौपट, आणि तिच्यासमोर बसायला ओटा. मला फक्त टेकायचं होतं. केतकी पळत पार दुसऱ्या टोकाला गेली. तिथेही तशीच परात. ती माझ्याकडे पाठ करून तिच्यासमोर बसली. मधे पन्नास-साठ पावलं आणि शाळेची पोरंच पोरं.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "आजी, ऐकू येते काय?"

मी दचकून वळले. जवळ कुणी नव्हतं. आवाज परातीतून येत होता; पलीकडच्या परातीशी बोललेलं या परातीत गोळा होऊन थेट कानाशी पोचत होतं.

"नाहीच येत असेल. घरी पण तू नाही ऐकते. मी रोज बोलली, आजी, नको जा. रोज. तू हं हं करते आणि टीव्ही बघते. आता शेवटचं बोलते. नको जा ना, आजी."

मोडकं होतं, तोडकं होतं, पण अगं बाई, मराठी होतं! सगळंच्या सगळं मराठी होतं.

"केतकी," मी परातीला म्हणाले, "तू माझ्याशी मराठीत बोलतेस? कधीपासून?"

"तू आली तेव्हापासून." ती पुढे म्हणाली, "आधी बाबांना एकेक शब्द विचारते. मग वाक्य पाठ करते. मग तुझ्याजवळ येते."

पाठ करून यायची पोर माझी. आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला तिथे, त्या परातीसमोर, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शाळेची एक बाई पोरांची रांग घेऊन माझ्या मागे उभी होती. काहीतरी म्हणाली, ओठ हलले. मी हात वर करून तिला थांबवलं.

"केतकी, मला ऐकू येत नाही गं." जन्मात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. "तू बांगलात बोलतेस असं वाटायचं मला. ऐकूच येत नव्हतं. बहिरी झालेय मी."

लांबून तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि दोन वेण्या.

"मला वाटलं," परातीतून आवाज आला, "मी तुला आवडतच नाही."

मी उठले. बुधवारची गाडी आता माझ्याशिवाय सुटणार होती, हे तिला जवळ जाऊन सांगायचं होतं. पोरांना बाजूला सारत मी दालन ओलांडलं. ती वळली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून भराभरा काहीतरी बोलायला लागली. ओठ हलत होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मान हलणारच होती सवयीने. मी ती आवरली. गुडघे दुखत होते, तरी खाली वाकले आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "पुन्हा सांग."