भरली वाटी

पंपाने ढेकर दिला. बाळ नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं. मी दांडा पुन्हा दाबला. पुन्हा ढेकरच, पाणी नाही.

"अपा, आजही नुसती हवा," मी सासूबाईंना म्हणाले. सगळी आळी त्यांना अपा, म्हणजे आई, म्हणते.

नदीकाठच्या खडीच्या खाणीचा खड्डा आमच्या पंपाच्या नळीहून खोल गेला, तेव्हापासून जमिनीतलं सगळं पाणी तिकडे पळालंय. तिथे ते खडी धुतं आणि चिखल होऊन पाटाने आमच्या दारात येतं. मी ते बादलीत रात्रभर निवळत ठेवते, मग बाळाचं दूध, चहा, सगळं त्यावर.

तेवढ्यात कुबात नावाचा खाणीचा साहेब कागद घेऊन आला. 'गावाच्या पाण्यावर काही परिणाम नाही' असं त्यावर होतं. सासूबाई आळीच्या प्रमुख. त्यांची सही झाली की खड्डा आणखी खोल.

"चहा घेऊनच आलोय, अपा."

"मग आमच्याकडचा राहिलाच की! बस, बाळा."

मला कोपऱ्यात घेऊन त्या पुटपुटल्या, "पाटाचं ताजं पाणी घे. निवळू नकोस. आणि चहाची वाटी अर्धीच भर."

"अर्धीच का?" माझ्या चार वर्षांच्या बेगायमने विचारलं.

"पाहुण्याने थांबावं म्हणून. वाटी रिकामी झाली की पुन्हा द्यायची. भरून दिली तर त्याने पिऊन निघायचं असतं."

कुबातने पुढ्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि पहिला घोट घेतला. दातांत काहीतरी करकरलं.

"कसा झालाय?"

"झकास, अपा!"

"सूनबाई, बघतेस काय? वाढ!"

घरच्या वडीलधाऱ्या बाईने दिलेली वाटी नाकारायची, तेही भाकर मोडल्यावर? खाणीचा साहेब झाला तरी पोरगा याच खोऱ्यातला. चौथ्या वाटीला त्याने जर्दाळूचा मुरंबा ढवळून पाहिला. सहाव्याला डोळे मिटून प्याला. सातव्याला मला दया आली आणि हातून वाटी जरा जास्तच भरली. त्याचा चेहरा उजळला, तो अर्धा उठलाही.

"बस, बस! पोरीचा हात चुकला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतरचा पहिला आठवडा आठवला.

नवव्या वाटीला कुबातचा हात हळूच कोटात गेला. बाहेर आली विकतच्या पाण्याची बाटली.

"हे काय रे? पाण्याला काही झालं नाही ना?"

"ते... डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या? मीही जाईन म्हणते. सूनबाई, दहावी!"

"अपा, नको!" त्याने पेन काढलं. 'काही परिणाम नाही' खोडून स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पंप आटला. पाट गढूळ.' खाली सही केली आणि कपाळ पुसलं. मग सासूबाईंनी चष्मा लावून, दोनदा वाचून, आपली केली.

"आता भरून दे गं," त्या म्हणाल्या.

मी काठोकाठ भरली. इतक्या आनंदाने चिखल पिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत आम्ही दोघी डोक्याचे रुमाल तोंडावर दाबून हसू आवरत होतो.

बेगायम मात्र पंपापाशी उभी होती. दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळली, ढेकर आला.

"आई," ती म्हणाली, "आपल्या पाण्याला भरली वाटी कोणी दिली?"