दगडी कुंडावरची पळी

मी एक जुनी पळी आहे; बांबूची, लांब दांड्याची. सिडनीपासून चार तासांवरच्या एका गावात जपानी बाग आहे. तिथल्या छोट्या शिंतो, म्हणजे जपानी धर्माच्या, देवळासमोर, दगडी कुंडावर माझा मुक्काम असतो. म्हाताऱ्या माळ्याने, ओकुमुरांनी, मला बागेतल्याच बांबूतून घडवले.

मित्रांनो, देवाला भेटण्याआधी माणसाने माझ्यातल्या पाण्याने डावा हात धुवायचा, मग उजवा, मग तळहातावर पाणी घेऊन चूळ भरायची. शेवटी मला उभी धरायची, म्हणजे उरलेल्या पाण्याने माझा दांडा धुतला जातो आणि पुढच्याला मी स्वच्छ मिळते. सुरुवातीला माझे काय कौतुक झाले! लोक फोटो काढत. पुढे उन्हाने दांडा सैल झाला आणि मी गळू लागले. १९९६ सालच्या एका रविवारी ओकुमुरांनी मला हातात घेऊन सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी स्टीलची पळी येणार होती आणि मी कचऱ्यात जाणार होते. मला फार वाईट वाटले.

त्याच दुपारी सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातून शैलेंद्र आणि त्याची बायको चित्रा आले. देऊळ दिसताच चित्राने चपला काढल्या, उजव्या तळहातावर माझ्यातले पाणी घेतले आणि चक्क पिऊन टाकले! वर ओला हात डोक्यावरून फिरवला.

"नो, नो! नॉट फॉर ड्रिंकिंग!" ओकुमुरा धावत आले.

"अय्या, सॉरी! मला वाटलं तीर्थ आहे," चित्रा ओशाळली.

"अगं, बोर्ड तरी वाच!" शैलेंद्र हसत सुटला.

ओकुमुरांनी तिला रीत शिकवली. मी गळतच होते. "टुमॉरो, बिन," ते खिन्नपणे म्हणाले.

"बिनमध्ये?" चित्रा शैलेंद्रकडे वळली. "हिच्यातून मी तीर्थ घेतलंय. कचऱ्यात कशी जाऊ द्यायची? तू इंजिनिअर ना? बघ की काहीतरी."

शैलेंद्रने मला उलटसुलट करून पाहिले. "दांडा लूज झालाय, एवढंच. पाचर मारली की झालं. नो वरीज!"

ओकुमुरांच्या सुरीने बांबूची कपची तासून त्याने फटीत ठोकली. दुखले, पण फट बुजली. चित्राने मला कुंडात बुडवून वर धरले. तिघेही टक लावून बघत राहिले. एक थेंब गळला नाही! ओकुमुरा कमरेत वाकले, चित्राने हात जोडले.

सोमवारी आलेली स्टीलची पळी रोपांना पाणी घालते. मी अजून माझ्या जागी आहे. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुठे गळते, तेवढे एकदा पाहा. चित्राने मला चुकून मान दिला. तुम्ही तो जाणूनबुजून द्या.