कडेची जागा

...रुमालाची गाठ तिनं पुन्हा चाचपली. आत दोन अंगठ्या, एकमेकींना घासून किणकिणणाऱ्या – की ती एसटीची खिडकी वाजत होती? करुणानं गाठ मुठीत घट्ट धरली. दुसऱ्या हातात जपमाळ होती, पण मणी मघापासून एकाच जागी अडलेला. रोज पहाटे न चुकता होणारा जप आज नेमका विसकटला होता, लग्नाच्या दिवशी... सात वर्षं संसार झाल्यावर लग्नाचा दिवस!

"जरा सरका की ताई," खिडकीकडं जायला एक बाई पिशवी सावरत उभी. मधल्या जागेवर तिचा नवरा शमुवेल, कडेला करुणा. तिनं चटकन गुडघे बाजूला वळवले. बाई आत जाऊन बसली तरी ते तसेच राहिले.

किती सराव या गुडघ्यांना! शिरूरच्या चर्चमध्ये दर रविवारी बाकाच्या कडेला बसायचं, कम्युनियनला, वेदीवरचा प्रसाद घ्यायला, सगळे उठले की असे गुडघे वळवून वाट द्यायची – म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना, काल-परवा पहिला प्रसाद घेतलेल्या चिमुरड्यांनाही – आणि मग रिकाम्या बाकावर दोघंच उरायचे, चर्चबाहेर लग्न केलं म्हणून प्रसाद नाकारलेले, ती आणि शमुवेल, ज्यानं बारा वर्षं वेदीशी उभं राहून हाच प्रसाद वाटला होता. तेव्हा तो फादर शमुवेल, आणि ती मिशनच्या शाळेतली टीचर.

रजिस्टर लग्न करून दोघं दाराशी आले तेव्हा त्याची आई, चांगुणाबाई, उंबऱ्यातूनच म्हणाली होती, "नवसाचा पोर म्या देवाला दिला हुता. तू देवाच्या ताटातला घास उचललास, बाई." मग अबोला. आई बोलायची थांबली, तिचा शब्द थांबला नाही. रोज जपाच्या शेवटच्या मण्याशी तो शब्द करुणाची वाट बघत बसलेला असे.

गेल्या महिन्यात रोमहून, पोपच्या कार्यालयातून, पत्र आलं. शमुवेल ब्रह्मचर्याच्या व्रतातून मोकळा झाला. आता लग्न चर्चमध्ये लागेल, लग्नाच्या मिस्सेत, त्या उपासनेत, दोघांना कम्युनियनही मिळेल – पण सगळं गाजावाजा न करता, जिथं त्याला फादर म्हणून कुणी ओळखत नाही तिथं. म्हणून दौंड. लपून का, देवा? असं मनात आलं होतं, आणि लगेच... अगं, बोलावलं हे काय कमी?

इनामगावचा फाटा मागं पडला.

"फादर –" ती म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

"बोला, टीचर."

"वेदीची आठवण येते तुम्हाला?"

"येते." तो गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडं बघत राहिला. "रोज येते. पण मला तू खेचून नाही आणलंस, करुणा. मी माझ्या पायांनी उतरलो. आईला एवढं सांगायला सात वर्षं गेली बघ. काल फोन केला."

"काय म्हणाल्या?"

"येणार न्हाई, म्हणाली." मग हळूच, "आन् फोन ठेवता ठेवता इचारती कशी, 'साडी कंची नेसणार हाय ती?'"

"मग?"

"पांढरी, म्हणालो."

"अहो, ही मोतिया आहे!"

"अहो?" तो हसला. "फादर रिटायर झाले वाटतं."

तीही हसली, आणि हसताना डोळे का भरले ते तिला कळेना. देवाच्या ताटातला घास... त्या शब्दाकडं इतकी वर्षं ती चोरासारखी बघत आली. पण ताट देवाचं. आज त्यातलाच घास तो स्वतः पुढं करतोय – मग मीच का हात मागं घेऊन बसलेय?

"उतरायचंय, ताई. काष्टी आली."

गुडघे वळले नाहीत. ती उभी राहिली. बाई उतरून गेली, गाडी सुटली, तरी करुणा दांडीला धरून उभीच. आई चर्चच्या फाटकाशी असतील? नसतीलही. कुणास ठाऊक.

बोटाखालचा मणी मात्र पुढं सरकला होता.