पोरीकडचं गाणं

“अम्मी, वाचत काय बसलीस? सही कर ना जल्दी. साहेबांना मुंबईला जायचंय,” इजहार म्हणाला.

जन्नतबीनं मान वर केली नाही. अक्षरं ती पंचावन्नाव्या वर्षी शिकली, प्रौढांच्या वर्गात. अशा माणसाला ओळी गाळून पुढं जाता येत नाही. कागदावर बोट ठेवून ती एकेक शब्द पार करत होती.

समोर टीव्ही मालिकेच्या कंपनीचा अंगद बसला होता. जन्नतबीचं समधनीचं, म्हणजे विहिणीला टोमणे मारायचं, गाणं त्याला मालिकेत हवं होतं. शहागडच्या आसपास ढोलकीवर ते झाल्याशिवाय लग्न रंगत नसे. आधी कॅसेटनं ते जिल्हाभर नेलं, आता मोबाइलनं कुठं कुठं. शब्द आणि चाल तिचीच, म्हणून परवानगीही तिचीच लागत होती. हायवेवरच्या आपल्या पंक्चरच्या दुकानात इजहार येईल त्या ट्रकवाल्याला सांगत सुटला होता, अम्मीचं नाव टीव्हीवर येणार म्हणून.

बोट थांबलं. “‘प्रसंग,’” तिनं मोठ्यानं वाचलं. “‘सासू व तिच्या मैत्रिणी हे गाणं म्हणून नव्या सुनेची टिंगल करतात. सून रडते.’ हे काय हो बाबा?”

“तेवढा एक सीन आहे, मावशी. खूप गाजेल.”

“हे गानं पोरीकडच्या बायांचं हाये. नवऱ्याकडच्यांनी गप बसून ऐकायचं असतंय. पोरीचा बाप जन्मभर मान खाली घालतो, तेवढ्या एका सांजेला त्याच्या बायांची जीभ मोकळी सुटती. ती बी तुम्ही सासूलाच देऊन राह्यले?”

“बघणाऱ्यांना कुठं कळतंय, कोणाकडचं ते?”

“मला कळतंय ना!”

“अम्मी, तुझं नाव येईल गं!” इजहार कळवळला.

“त्या पोरीच्या रडण्याखाली? नको.”

तिनं पेन घेतला. ती ओळ आडवी खोडली आणि वर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं : पोरीकडच्यांनीच गावं. मग सही केली.

अंगदनं अंगणात जाऊन मुंबईला फोन लावला. परत आला तो चेहरा पाडून. “कथा बदलत नाहीत म्हणे. दुसरं गाणं घेतील.”

“घेऊ द्या की. चहा पिऊन जा.”

इजहार आठ दिवस आईशी धड बोलला नाही.

दीड महिन्यानं तो भाग लागला. गाणं भलत्याच कोणाचं होतं. सासू टाळ्या पिटत गात होती, सून पदरात तोंड खुपसून रडत होती.

“तुझं असतं ना अम्मी, आज सगळा हायवे...” इजहारचं वाक्य अर्धंच राहिलं.

“ए पोरी, रडती काय? उत्तर दे तिला!” जन्नतबी पडद्यावरच्या सुनेवर ओरडली आणि गुडघ्यावर ठेका धरून आपलंच गाणं म्हणू लागली. आवाज फाटला होता, दम पुरत नव्हता, पण टोमणा बराबर लागत होता. दुसऱ्या कडव्याला भिंतीपलीकडून शेजारच्या चांगुणाबाईनं सूर मिळवला.

इजहारनं थोडा वेळ ऐकलं. मग उठून टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर सासूचं तोंड नुसतंच हलत राहिलं.