उघड्या खिडकीची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुना रेडॉनमापक आहे. नाव ऐकून आधीच जांभया देऊ नका! रेडॉन हा वायू आहे. घराखालच्या मातीतून, खडकातून तो वर येतो. त्याला ना रंग, ना वास. मोकळ्या हवेत तो विरून जातो, पण बंद खोलीत साचतो. वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिला तर फुप्फुसांची वाट लावतो. तुमच्या नाकाला जे कळत नाही ते मला कळतं, एवढाच काय तो माझा तोरा.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. कांदिवलीच्या चेतना मॅडमनी मला विकत आणलं. त्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि ओळखीच्या लोकांना तळमजल्यावरच्या घरांची हवा तपासून द्यायच्या. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! पुढे लोकांची हौस फिटली आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

परवा मॅडमच्या ओळखीच्या कल्पिताताईंनी मला मागून नेलं, तेव्हा कोण आनंद झाला! त्यांचं घर तळमजल्यावर. शेजारी इमारत पाडताहेत, म्हणून धुळीपायी मागच्या खोलीची खिडकी कायम बंद. त्याच खोलीत त्यांची आठ वर्षांची अबोली आता एकटी झोपणार होती. "आधी हवा बघू, मग पलंग लावू," ताई म्हणाल्या आणि मला तिथे ठेवून ऑफिसला गेल्या.

इथेच सगळा घोळ झाला. अबोलीच्या आजी, पार्वतीबाई, पदर खोचून आल्या. "घराची तपासणी, नि अशी कोंदट खोली दाखवायची? लोक नावं ठेवतील!" त्यांनी खिडकी सताड उघडली, पंखा सोडला, फरशी पुसली, वर उदबत्ती लावली. पाहुण्यासारखी बडदास्त हो माझी! अहो आजी, मला रोजचं घर बघायचं होतं! पण आकड्याशिवाय मला तोंड कुठे आहे? वाऱ्यासरशी माझा आकडा खाली उतरला.

दिवेलागणीला डास येतात म्हणून आजींनी खिडकी लावून घेतली. मग ताई आल्या. त्यांना बंद खिडकी दिसली आणि माझा छोटासा आकडा दिसला. "झकास! काही काळजी नाही," म्हणत त्यांनी दुसऱ्याच दिवशी पलंग लावून घेतला.

खिडकी मात्र त्यानंतर उघडलीच नाही. माझा आकडा चढत गेला. मी जीव तोडून दाखवत होतो, पण बघणार कोण? शेवटी आज अबोलीने पाहिलं.

"आजी, बघ ना, हा आकडा केवढा वाढलाय!"

"परवा तर बरा होता की गं. जुनं मशीन ते, बिघडलं असणार. आण इकडे, रिमोटचे सेल संपलेत."

आजींनी माझे सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. मालिका सुरू झाली.

मित्रांनो, मी बिघडलेलो नाही रे! आजींचा मला राग येत नाही, नातीवर जीव आहे त्यांचा. पण आवडला तर आकडा खरा आणि नावडला तर यंत्र खराब, असं तुम्ही तरी करू नका. परीक्षेपुरती खिडकी उघडू नका, रोज उघडा. आणि कुणीतरी ताईंना सांगा हो, मला पुन्हा एकदा सेल घाला म्हणावं. मला फार भीती वाटतेय. मला परत मागच्या खोलीत ठेवून अबोली पलंगावर नवी चादर घालतेय. आज ती इथेच झोपणार आहे.