तीन खेपा

चार वाजता लेकीची, कालिनाची, नॉर्वेला जायची बस होती आणि गुस्तावचा अजून बोर्ड ठरत नव्हता. बापलेकीनं मिळून बोर्डावर उभं राहून पाण्यावरून तळ्याला एक फेरी मारायची, एवढंच तर होतं. उन्हाळाभर तो "उद्या, उद्या" करत आला होता, आणि आता उद्या उरला नव्हता.

वेकबोर्डांच्या, म्हणजे तारेनं ओढत पाण्यावरून घसरत न्यायच्या फळ्यांच्या, टपरीपुढे रांग लागली होती. टपरीवाला झेनोन साठीचा, तोंडाचा फटकळ. त्याची रीत अशी, की धक्क्यावरून तीनदा निघून बघायचं, जमलं तरच बोर्ड विकत घ्यायचा. गुस्ताव कधी लाल बोर्ड उचलत होता, कधी निळा, परत लाल.

"रंग काय बघताय? मुलगी बघायला आलात का?" झेनोन ओरडला. "वजन सांगा. बोर्ड वजनावर ठरतो!"

गुस्तावच्या पाठीमागे बायको उभी होती. वजन उतरावं म्हणून लुत्सिना ईस्टरपासून त्याला कोबीचं सूप पाजत होती, आणि हा गडी स्वतःच्याच बेकरीत भिंतीकडे तोंड करून पोंचकी, म्हणजे मुरंबा भरलेले तळलेले गोड गोळे, हाणत होता. घरी काटा नव्हता. बेकरीतल्या पिठाच्या काट्यावर चढायचं आणि घरी येऊन मनाला येईल तो आकडा सांगायचा, असं त्याचं चाललं होतं.

"अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला.

झेनोननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खांदे उडवले आणि एक आखूड बोर्ड हातात दिला.

तळ्याभोवती वरून फिरणाऱ्या तारेला बांधलेल्या दोरीचा दांडा त्यानं धरला, हिसका बसला आणि गुस्ताव बोर्डासकट पाण्याखाली गेला. दुसऱ्या खेपेला तर नाकातोंडात पाणी.

"बाबा, गुडघे वाकव!" कालिना बाजूनं सुसाट जाताना ओरडली.

"वाकवलेतच की गं!"

"काका, पाणबुडी पलीकडे मिळते!" रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

सव्वातीन झाले. कालिना फेरी संपवून आली आणि त्याच्याशेजारी धक्क्यावर बसली. "राहू दे बाबा. पुढच्या उन्हाळ्यात बघू."

ते ऐकून त्याला फार लागलं. हे पुढच्या वेळचं गाजर त्यानंच तिला वर्षानुवर्षं दाखवलं होतं. तो उठला आणि निथळत टपरीपाशी गेला.

"एकशे तीन," तो मोठ्यानं म्हणाला.

बायकोकडे बघायची त्याची छाती होईना.

"एकशे पाच असेल," मागून लुत्सिना म्हणाली. "तुझ्या पँटी उसवून सैल कोण करतं? कोबी?"

झेनोननं सगळ्यात लांब, रुंद बोर्ड काढला. "हा घ्या. आधीच खरं बोलला असतात तर एव्हाना चार फेऱ्या झाल्या असत्या."

एकच खेप उरली होती. कालिना पुढच्या दोरीला निघाली, मागोमाग गुस्तावला हिसका बसला. बोर्ड पाण्यावर आला आणि त्याच्यासकट तोही. तो उभा होता.

पहिल्या वळणावर कालिनानं मागे पाहिलं आणि एक हात सोडून हलवला. त्याचे दोन्ही हात दांड्याला घट्ट चिकटलेले. हलवणार कुठला?

"हळू जा गं!" तो ओरडला. "जरा हळू जा!"

तार सगळ्यांना एकाच वेगानं ओढते, हे त्यालाही ठाऊक होतं.